पहिल्या तबकडीचा मान

आमच्या वर्धा जिल्ह्यातील सर्वांत विख्यात रहिवाशाची ध्वनिमुद्रिका निघाली ती लंडनात, आणि तीही ते या जिल्ह्यात राहावयास येण्यापूर्वी. १९३१ साली गोलमेज परिषदेकरिता गेलेले महात्माजी किंग्जली हॉलमध्ये उतरले असता कोलंबिया कंपनीने त्यांचा आवाज तबकडीवर उतरवून घेतला. दोन्ही बाजू मिळून सुमारे सहा मिनिटांचे ते भाषण; विषय ईश्वराचे अस्तित्व. मौज अशी की, मजकूर त्या प्रसंगासाठी मुद्दाम रचलेला नव्हता. १९२८ साली 'यंग इंडिया'त आलेले आपलेच जुने लेखन त्यांनी वाचून दाखविले. सेगावास ते आले १९३६ साली. तेव्हा या तबकडीवर वर्ध्याचा हक्क सांगणे थोडे ओढाताणीचे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु कोलंबिया कंपनी त्याच १९३१ साली ग्रामोफोन कंपनीशी एकत्र होऊन ई.एम.आय. या नावाने नांदू लागली होती, आणि बत्तीस वर्षांनी याच ई.एम.आय.ने लिव्हरपूलच्या चार तरुणांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. महात्माजी आणि बीटल्स यांच्या पहिल्या तबकड्या एकाच घरच्या निघाव्यात, हा योग काही सामान्य नव्हे.

पहिल्या तबकडीचा हा विषय आमच्या घरी यंदाच्या वैशाखात निघाला. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांस हे सांगणे नलगे, की दुपारी बारापासून पाचपर्यंत येथे उंबऱ्याबाहेर पाऊल पडत नाही. कूलरला वाळा लावावा, दारे लोटून घ्यावी आणि काहीतरी वाद उकरून काढावा, हा आमच्या घरातील जुनाच परिपाठ. बालगंधर्व श्रेष्ठ की मास्टर दीनानाथ, या प्रश्नापायी आमच्या वडिलांच्या पिढीने पत्त्यांचे कितीतरी डाव अर्ध्यावर टाकले आहेत. आता सुटीला पुण्यामुंबईहून आणि परदेशाहून आलेली मुले भांडतात ती रॉक संगीतावरून. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेने जगाचे कान आपल्याकडे वळविले असे कलावंत कोण, आणि त्यांतही अग्रपूजेचा मान कोणाचा? अग्रपूजा म्हटली की शिशुपाल आलाच. आमच्या घरी ते काम आमची आत्या करते.

वाद पुढे नेण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ही मुले ज्यास 'आल्बम' म्हणतात तो शब्द आपल्या ओळखीचाच आहे. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. लांबलचक रचना द्यावयाची तर चारसहा तबकड्या लागत, आणि त्या ठेवावयास छायाचित्रांच्या आल्बमासारखी जाड पुठ्ठ्याची वही मिळे. १९४८ साली अमेरिकेत मिनिटास तेहतीस फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली, तिच्या एकेका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले, आणि वहीचे कारण उरले नाही. वही गेली, तिचे नाव मात्र राहिले. पुढे तबकडीही गेली, तरी नाव अद्याप आहेच.

आता उमेदवार. १९६७ हे एकच वर्ष घेतले तरी मती गुंग व्हावी. जानेवारीत 'द डोअर्स', मार्चमध्ये 'वेल्व्हेट अंडरग्राउंड', मे महिन्यात जिमी हेंड्रिक्स, ऑगस्टमध्ये 'पिंक फ्लॉइड', अशी चार पहिली अपत्ये एकामागून एक जन्मास आली. (त्याच वर्षी आमच्या शेजारच्या नागपूरच्या ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' हा पहिला संग्रह निघाला आणि मराठवाड्यातून ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' हा पहिला संग्रह आला. ते वर्षच तसे असावे.) यांखेरीज १९६९चे 'लेड झेपेलिन', १९७०चे 'ब्लॅक सबाथ', १९७६चे 'बोस्टन', १९८७चे 'गन्स अँड रोझेस', अशी ही यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढतच जाते. आपल्याकडची नावेही कोणी पुढे केली: १९८८ साली मुंबईच्या 'रॉक मशीन'ने आणि १९९३ साली दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ने आपापला पहिला आल्बम काढला. त्यांतील दुसरा एच.एम.व्ही.चा, हे ऐकून आत्या प्रथमच सावरून बसली. कुत्र्याच्या चित्राची ती तबकडी तिच्या माहेरच्या, म्हणजे आमच्याच, दिवाणखान्यात वर्षानुवर्षे फिरलेली.

वाद ऐकता ऐकता आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रत्येक पक्ष 'पहिली' या शब्दाचा अर्थ 'आरंभीची' असा करीत होता. जणू काल गाणे शिकले आणि आज तबकडी निघाली. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. जगाच्या दृष्टीने जो आरंभ, तो त्या कलावंताच्या दृष्टीने एका दीर्घ आणि अज्ञात पर्वाचा शेवट असतो. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मागे आजवरच्या सगळ्या आयुष्याची शिदोरी असते. दुसरीच्या वाट्याला एखाद्या वर्षाची येते. म्हणूनच की काय, पहिली थोर असणारे पुष्कळ आणि दुसरी थोर असणारे थोडे.

बीटल्सचेच पाहा. त्यांच्या पहिल्या आल्बमात चौदा गाणी. चार आधीच मुद्रित झाली होती. उरलेली दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, सकाळी दहापासून रात्री उशिरापर्यंत बसून, त्यांनी उरकली. जॉन लेननला पडसे झालेले, आवाज बसत चाललेला. घसा सर्वांत फाडावयाचे जे गाणे, ते मुद्दाम शेवटी ठेवले आणि पहिल्याच खेपेस साधले. हे ऐकून मुले म्हणतात, केवढी ही दैवी देणगी! देणगी खरीच, परंतु १९६० ते १९६२ या काळात बीटल्स पाच वेळा जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरी जाऊन तेथल्या मद्यालयांतून रोज रात्री तासन् तास वाजवीत होते, ते या हिशेबात कोणी धरीत नाही. १९६२च्या जानेवारीत डेका नावाच्या कंपनीने त्यांची परीक्षा घेऊन त्यांस परत पाठविले होते, हेही धरीत नाही. त्या एका दिवसात जे झाले ते अडीच वर्षांच्या रियाजाचे माप पदरात पडणे होते, दुसरे काही नव्हे.

लेननला लहानाचे मोठे केले ते त्याच्या मावशीने. मिमी तिचे नाव. गिटार छंद म्हणून ठीक, पण तिच्यावर पोट भरावयाचे नाही, असे या मावशीचे ठाम मत होते. पाश्चात्त्यांकडे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले, एवढेच चित्र ज्यांच्या मनात असेल त्यांनी या मावशीचा विचार करावा. तिचे ते मत आमच्या ओळखीच्या किमान वीस घरांतून, संवादिनी, तबला किंवा नाटक यांच्या संबंधाने, शब्दाचाही फरक न होता उच्चारले गेलेले आम्ही ऐकले आहे.

आणि आई? बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वादक म्हणून बाहेर दौऱ्यावर जावयाचे ठरल्यामुळे त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी जेवावयास घरी आला तो परत न जाण्याच्या बेताने. आईने सांगितले, की हाती घेतलेले काम नीट पुरे करून ये. तो गेला, आणि त्याच दुपारी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबावयाचा हात नेमका तोच. पुढे कारखान्यातील मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी तो सुरावटी वाजवीत असे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून आपल्या बोटांसाठी टोपणे घडविली, गिटारीला हलक्या तारा चढविल्या आणि नव्याने शिकावयास बसला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी 'ब्लॅक सबाथ'चा पहिला आल्बम निघाला. तोही जवळजवळ एका दिवसात मुद्रित झालेला, आणि ज्यास आज 'हेवी मेटल' म्हणतात त्या संगीताचा उगम पुष्कळ जण तेथेच दाखवितात. हा वृत्तान्त धाकट्या पुतण्याने सांगितला तेव्हा आमच्या वहिनी काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

हेंड्रिक्सची कथा आपल्या गायकांस अधिक जवळची वाटावी. लंडनला येण्यापूर्वी तो अमेरिकेत कित्येक वर्षे मोठमोठ्या गायकांच्या मागे उभा राहून साथ करीत होता. लिट्ल रिचर्डच्या मागे वाजविले, आयस्ली बंधूंच्या मागे वाजविले. बुवांच्या मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य सगळी मैफल ऐकतो, सगळे साठवितो आणि एखादी तान सुचलीच तर ती गिळून टाकतो, तसेच हे. १९६६च्या सप्टेंबरात तो लंडनला आला, आणि आठ महिन्यांत 'आर यू एक्सपिरिअन्स्ड' निघाला. त्यात एका माणसाच्या गिटारीतून जे काही बाहेर पडले ते आठ महिन्यांचे नव्हते. गिळलेल्या सगळ्या ताना त्यात आहेत.

येथवर आत्या ऐकून घेत होती. मग तिने आपला उमेदवार पुढे केला, आणि तो रॉकवाल्यांच्या यादीत नव्हता. विदर्भातीलच मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी या कायद्याच्या पदवीधराने चाल लावून गाइली, आणि १९३२च्या सुमारास एच.एम.व्ही.ने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा जन्म याच तबकडीतून झाला, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यापूर्वी घरांतून वाजे ती नाट्यपदे, नाहीतर ख्याल-ठुमरी. एखादी कविता तिच्या भावासाठी, अर्थासकट, मध्यमवर्गी सुशिक्षित माणसाने गावी आणि ती खेड्यापाड्यांतून गुणगुणली जावी, हे नवीन होते. बीटल्सनी तरी याहून निराळे काय केले, असा आत्याचा सवाल. मुलांनी आक्षेप घेतला की, एका गाण्याची तबकडी म्हणजे आल्बम नव्हे. आत्याने विचारले, की तीन मिनिटांत जे सांगून झाले त्यासाठी चाळीस मिनिटे कशाला हवीत? याचे उत्तर आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

या तबकडीच्या संबंधात आणखी एक तपशील फार बोलका आहे. ना. घ. देशपांडे पेशाने वकील. त्यांचा पहिला कवितासंग्रह, 'शीळ' याच नावाचा, निघाला १९५४ साली. तबकडीनंतर वीसाहून अधिक वर्षांनी! महाराष्ट्राला कविता पाठ, आणि कवीचे पुस्तकच नाही. मेहकरास वकिली करीत हा गृहस्थ स्वस्थपणे थांबला. आजच्या घाईच्या काळात ही स्वस्थता औषधालाही मिळत नाही.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत, आणि ती लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांस २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले त्या बॉब डिलन यांचा १९६२चा पहिला आल्बम जवळजवळ सगळा दुसऱ्यांच्या आणि परंपरागत गाण्यांचा. तेरांत स्वतःची अशी दोनच. तो फारसा खपलाही नाही. 'निर्वाणा' या चमूचा पहिला आल्बम सहाशे डॉलर्सच्या आसपास खर्चून झाला आणि थोड्यांनीच ऐकला. जग हलले ते दुसऱ्याने. आणि आपल्या घरचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे लता मंगेशकर. त्यांनी १९४२ साली 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी जे पहिले गाणे गाइले, ते चित्रपटातून गाळले गेले. ज्या कंठाने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हा देश भारून टाकला त्याचे पहिले गाणे लोकांनी ऐकलेच नाही. तेव्हा पहिली तबकडी थोर नसली तर माणूस थोर होत नाही, असे मुळीच नाही.

मग या वादाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आमच्या घरापुरता तरी फार जवळचा निघाला. आमचा थोरला पुतण्या पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे. वय एकोणतीस. गेली अकरा वर्षे, कॉलेजात असल्यापासून, रात्री आणि सुटीच्या दिवशी तो मित्रांबरोबर वाजवीत आला आहे. मराठी शब्दांची, रॉक पद्धतीची आठ गाणी त्याच्याजवळ तयार आहेत, आणि दिवाळीत नोकरी सोडून त्यांचा पहिला आल्बम काढावा असा त्याचा विचार आहे. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दादांचा, याला स्पष्ट नकार होता. वहिनींनी चैत्रात त्याला पत्र लिहिले होते (त्या अजून पत्रच लिहितात), त्यात वाक्य होते, की अंगावर घेतलेले काम आधी पुरे कर. आयोमीच्या आईची गोष्ट ऐकून त्या गप्प का झाल्या, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

दादांनी आधार घेतला तो गृहस्थाश्रमी कलावंतांचा. जी. एन. जोशी कायदा शिकलेले, ना. घ. देशपांडे वकील. 'शुक्रतारा' गाऊन एकदम घरोघरी पोहोचलेले अरुण दाते कापड गिरणीतील अभियंते, आणि ती नोकरी त्यांनी पुढेही वर्षानुवर्षे केली. 'बोस्टन'चा टॉम शोल्झ तर पोलरॉइड कंपनीत अभियंता. पगाराच्या पैशांतून घराच्या तळघरात ध्वनिमुद्रणाची खोली उभारली, रात्री तेथे बसून गाणी तासली, आणि तो आल्बम अमेरिकेत कोटीहून अधिक खपला. दादांचे म्हणणे, की पोट आणि तार यांचे वैर नाही. हे म्हणणे खरे आहे. परंतु पुतण्याने शांतपणे उत्तर दिले, की काका म्हणतात तेच मीही म्हणतो; पहिल्या तबकडीला लागते ती शिदोरी अकरा वर्षांची जमली आहे, आता ती बांधून ठेवली तर आंबेल. आणि शोल्झनेही शेवटी नोकरी सोडलीच की!

आमच्या सिद्धान्ताचा असा उपयोग होईल हे आमच्या मनात नव्हते, परंतु तर्कात खोट काढता येईना. अखेर वहिनी म्हणाल्या, "वाद पुरे. अरे, गाणी तरी ऐकव." आश्चर्य असे, की अकरा वर्षांत घरातील वडील माणसांपैकी कोणीही ती ऐकली नव्हती. संध्याकाळी अंगणात सडा पडल्यावर त्याने गिटार काढली. आठांपैकी तीन गाणी आम्हांस खरोखर आवडली. त्यांतले एक वर्धा नदीच्या कोरड्या पात्रावरचे आहे, आणि ते ऐकताना दादांनी चष्मा काढून पुसला. उरलेल्या पाचांत वाद्यांची हौस अधिक आणि सांगणे कमी आहे, असे आम्ही त्याला सांगितले. त्याला ते आवडले नाही. हे गाण्याचे परीक्षण नव्हे, घरच्या माणसाचे मत होय, एवढी पुस्तीही आम्ही जोडली. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळत असेल तर घ्यावी, तेवढा काळ घरखर्चाला दादा पैसे पाठवतील, नोकरीचे पुढे पाहू, असे ठरले. वहिनींनी अट घातली, की पाच गाणी बदलल्याखेरीज काही प्रसिद्ध करावयाचे नाही. आजकाल कोणासही संध्याकाळी गाणे रचून रात्री जगापुढे ठेवता येते. अडविणारी डेका कंपनी उरलेली नाही. ते काम कोणीतरी घरातच केले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

अग्रपूजेचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. मते देताना आम्ही एक नियम सुचविला: कलावंताने पुढे काय केले ते विसरावयाचे, तो या तबकडीनंतर पुन्हा कधी गाइलाच नाही असे समजावयाचे, आणि मग ती जपून ठेवावीशी वाटते का ते पाहावयाचे. या कसोटीला बीटल्सची पहिली तबकडी थोडी उणी पडते. तिचा पुष्कळसा प्रकाश पुढच्या तबकड्यांकडून मागे आलेला आहे. 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' कसोटीस उतरतो, जरी निघाला तेव्हा त्याला गिऱ्हाइक नव्हते. 'गन्स अँड रोझेस'लाही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर चढावयास वर्ष लागले, हे त्याच्या कैवाऱ्यांनी मोठ्या हिरिरीने सांगितले, परंतु मते दोनच पडली. आम्ही आमचे मत हेंड्रिक्सला दिले, मागच्या रांगेत काढलेल्या त्या वर्षांकरिता. वहिनींनी आयोमीला दिले. आत्याने 'शीळ'ला दिले, आणि वयाच्या मानाने आपले मत दोन धरावे असा आग्रह धरला. तो मान्य करूनही हेंड्रिक्स एका मताने पुढे राहिला. निकाल आत्याला मान्य नाही. दुसऱ्या तबकड्यांचा वाद दिवाळीत घेऊ, असे तिने जाहीर केले असून तयारीसाठी धाकट्या पुतण्याकडून निर्वाणाचा दुसरा आल्बम मागून घेतला आहे.